मॅट्रिक पास मतदार

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचे मतदान होते. मालेगावहून नाशिकला शिकायला आलेला माझा भाचा दुपारी घरी जेवायला आला. वय वर्षे एकोणीस. बोटाला शाई नव्हती. विचारले तर म्हणाला, "मामू, मालेगावात नाव घालायचं राहूनच गेलं. आणि इथं मी होस्टेलवाला, इथं माझं नाव कोण घालणार?"

तीन दिवसांनी निकाल लागला. मालेगाव मध्यचा फैसला अवघ्या १६२ मतांनी झाला. नाशिकच्या कॉलेज रोडला, गंगापूर रोडला मालेगावची किती मुले-मुली खोल्या घेऊन राहतात, हा हिशोब तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. भाच्याने कुणाला मत दिले असते हे मी विचारले नाही, ते विचारायचेही नसते. पण घरात मागावर बसणाऱ्या, फारसे न शिकलेल्या माणसांनी रांग लावून मत दिले आणि कॉलेजात जाणारा एकटा राहिला, हे मला खटकले.

कारण इतिहास याच्या नेमका उलटा आहे. १९३५च्या कायद्याने मुंबई प्रांतात मत कुणाला होते? जमिनीचा सारा भरणाऱ्याला, ठरावीक रकमेच्या घराचे भाडे देणाऱ्याला, प्राप्तिकर भरणाऱ्याला. आणि ज्याच्याकडे यातले काही नाही, त्याला मॅट्रिक पास असल्याच्या जोरावर. १९३७ची निवडणूक याच यादीवर झाली. सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार ३ कोटींच्या आसपास होते. १८५७ नंतर उत्तरेतून मालेगावात येऊन वसलेल्या विणकरांच्या घरात मॅट्रिक पास माणूस तेव्हा किती सापडला असता? आणि ज्या मुसलमानाचे नाव यादीत होते, त्याची यादीही वेगळी होती. १९०९पासून मुस्लिम मतदारसंघ स्वतंत्र, उमेदवार मुस्लिम, मतदारही मुस्लिमच. या व्यवस्थेला आपल्या हक्काचे रक्षण म्हणणारे पुष्कळ होते. पण त्या रक्षणात विणकर कुठेच नव्हता, हे आपण फारसे बोलत नाही.

अक्षरओळख नसलेल्या माणसाला मत द्यावे का, हा वाद तेव्हा गंभीरपणे चाले. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९मध्ये साउथबरो समितीपुढे साक्ष दिली आणि १९२९मध्ये, सायमन कमिशनच्या निमित्ताने, मुंबई प्रांतासाठी स्वतंत्र अहवाल लिहिला. त्यात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. त्यांचे म्हणणे साधे होते : निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे, आणि ज्यांना शाळेची दारे बंद ठेवली त्यांनाच शाळेचा दाखला मागून मत नाकारणे हा दुहेरी अन्याय आहे.

संविधानाने हा वाद मिटवला. कलम ३२५ने प्रत्येक मतदारसंघाची यादी एकच केली. धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणाचे नाव वगळता येणार नाही आणि कुणाची वेगळी यादीही होणार नाही. कलम ३२६ने २१ वर्षांच्या प्रत्येक नागरिकाला मत दिले. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार १७ कोटींच्या वर गेले. मात्र सुमारे २८ लाख बायकांची नावे यादीतून काढावी लागली, कारण त्यांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच लिहून आले होते. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. कठोर वाटते, पण मला ते बरोबर वाटते. स्वतःच्या नावाने यादीत यायचे, हा धडा त्या २८ लाख नावांच्या किमतीत मिळाला.

२१चे १८ व्हायला आणखी चार दशके लागली. ६१वी घटनादुरुस्ती संसदेत डिसेंबर १९८८मध्ये मंजूर झाली, २८ मार्च १९८९पासून लागू झाली, आणि त्याच वर्षीच्या लोकसभेला कॉलेजातली पोरे पहिल्यांदा मत द्यायला गेली. म्हणजे 'विद्यार्थी मतदार' हा प्राणी तसा नवाच.

आता भाच्याचा प्रश्न. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाव तिथेच लागते, जिथे माणूस सर्वसाधारणपणे राहतो. पण तोच कायदा म्हणतो की काही काळ बाहेर गेल्याने माणसाचे राहते ठिकाण सुटत नाही. त्यामुळे विद्यार्थ्याला दोन्ही दारे उघडी आहेत : आईवडिलांच्या पत्त्यावर नाव घाला किंवा शिक्षणाच्या गावी, वसतिगृहात, मेसमध्ये वा इतरत्र राहत असाल तर तिथे घाला. अट एवढीच की अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा हवा, आणि प्राचार्यांचे बोनाफाईड जोडायचे. नाव मात्र एकाच ठिकाणी. दोन्हीकडे घातले आणि खोटे लिहून दिले, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. १ ऑगस्ट २०२२पासून वर्षात एक नव्हे, चार तारखा धरल्या जातात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. त्यातल्या ज्या तारखेला अठरा पूर्ण, तेव्हा नाव लागते. अर्ज तर सतराव्या वर्षीच देऊन ठेवता येतो. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर यादीत नवे नाव चढत नाही, आणि अर्जावर हरकतीसाठी काही दिवस जातात, म्हणून प्रचाराचे भोंगे वाजू लागल्यावर धावपळ करून उपयोग नसतो. केंद्रावर कॉलेजचे ओळखपत्र चालत नाही, आणि मतदार कार्ड खिशात असूनही यादीत नाव नसेल तर परत यावे लागते. महापालिकेच्या याद्याही याच विधानसभेच्या यादीतून होतात, हेही लक्षात ठेवावे.

गंमत अशी की शिक्षणावर मिळणारे मत अजून पूर्ण गेलेले नाही. विधान परिषदेचा नाशिक विभाग पदवीधर मतदारसंघ आहेच. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्यांसाठी. त्याची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव आपोआप पुढे येत नाही. जानेवारी २०२३च्या निवडणुकीवेळी माझ्या ओळखीच्या कितीतरी पदवीधरांना हे माहीतच नव्हते.

भाच्याने नाशिक की मालेगाव, यावर आठवडा घालवला. मी नाशिक म्हणत होतो : तीन वर्षे इथले पाणी पिणार, इथल्या रस्त्यांवरून सायकल चालवणार, तर नगरसेवकही इथलाच निवडावा. त्याची अम्मी फोनवर मालेगाव म्हणाली. शेवटी तो म्हणाला, "मामू, ईदला घरी जातो तसा मतदानालाही जाईन." वडिलांच्या पत्त्यावर नमुना ६ भरला. वडिलांच्या नावात मतदार यादीत 'शेख' होते आणि शाळेच्या दाखल्यात 'शेक'. ते जुळवण्यासाठी बीएलओ घरी दोनदा आले. दुसऱ्यांदा आले तेव्हा अम्मीने त्यांना बसवून चहा दिला आणि जाताना आपलेही नाव यादीत नीट लिहिले आहे ना, ते तपासायला लावले.