पडद्यावरचा सलीम आणि तवारिखेतली शाह बेगम

५ ऑगस्ट १९६० रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात 'मुगल-ए-आझम' झळकला. तेव्हापासून शहजादा सलीम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिलीपकुमार उभे राहतात. एका बाजूला बापाचे तख्त, दुसऱ्या बाजूला एक कनीज. वारस म्हणून आलेले कर्तव्य निभवायचे की मनाचा कौल मानायचा, या ओढाताणीत सापडलेला हा नायक आपल्याला घरचा वाटतो. खानदानाची अब्रू आणि मनाची निवड यांचे भांडण आपल्या घरांनाही नवे नाही.

हा सलीम मात्र लेखणीतून जन्मला आहे. इम्तियाज अली ताज यांनी १९२२ मध्ये 'अनारकली' हे उर्दू नाटक लिहिले आणि पुढे चित्रपटांनी ती दास्तान गावोगाव पोचवली. लोककथा त्याआधीची आहे. १६११ मध्ये लाहोरात असलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याच्या कानावर अशीच एक हकीकत आली होती. अनारकलीचा म्हणून ओळखला जाणारा मकबरा आजही लाहोरात आहे. पण 'अकबरनाम्या'त तिचे नाव नाही, आणि जहांगीर झालेल्या सलीमने स्वतः लिहिलेल्या 'तुझुक-इ-जहांगिरी'तही नाही.

मग तवारिखेतला सलीम कसा होता? १६०० साली तो एकतीस वर्षांचा होता, अनेक बेगमांचा पती आणि मुलांचा बाप. अकबर दक्षिणेच्या मोहिमेवर होता. त्याच वर्षी अहमदनगरचा किल्ला पडला आणि खानदेशात असीरगडाला वेढा बसला होता. सलीमवर मेवाडच्या राण्याविरुद्धची कामगिरी होती. ती अर्धवट टाकून तो अलाहाबादेस गेला, बिहारचा खजिना ताब्यात घेतला आणि स्वतंत्र दरबार भरवू लागला. १६०२ मध्ये दक्षिणेतून परतणाऱ्या अबुल फजलला त्याने वीरसिंह बुंदेल्याकरवी ठार करविले. ही गोष्ट त्याने आपल्या आत्मचरित्रात लपविलेली नाही. बापाविरुद्धचे हे बंड तख्तासाठी होते. कुणा कनिजेचा त्यात संबंध नव्हता.

पण कर्तव्य आणि मन यांच्या कात्रीत खरोखर सापडलेले एक माणूस याच सलीमच्या महालात होते. तिचे नाव मानबाई. आमेरच्या राजा भगवंतदासाची मुलगी, मानसिंहाची बहीण. १५८५ मध्ये तिचा सलीमशी निकाह झाला. १५८७ मध्ये खुस्रो जन्मला आणि ती 'शाह बेगम' झाली. खुस्रो मोठा होताच दरबारातल्या काही बड्या सरदारांना सलीमऐवजी तोच तख्तावर हवासा वाटू लागला. त्यांत त्याचा सख्खा मामा मानसिंह होता आणि सासरा अझीज कोकाही. आता पती एका बाजूला, पोटचा मुलगा आणि माहेर दुसऱ्या बाजूला. पत्नी म्हणून एक कर्तव्य, आई म्हणून दुसरे, बहीण म्हणून तिसरे. तिने मुलाला परोपरीने समजावले. त्याने ऐकले नाही. अखेर अलाहाबादेत तिने अफू खाऊन जीव दिला.

यानंतर चार दिवस आपल्या पोटात अन्नपाणी गेले नाही, असे जहांगीर लिहितो. अकबराने सांत्वनाचे पत्र लिहिले, सोबत पोशाख आणि स्वतःची पगडी पाठवली. बापलेकांच्या त्या कडवट वर्षांतली ही एक ओली जागा आहे.

पण या मरणाने कुणी शहाणा झाला नाही. १६०५ मध्ये सलीम जहांगीर म्हणून तख्तावर बसला. फिर्यादींसाठी त्याने साठ घंटांची सोन्याची साखळी बांधवली. पुढच्याच वर्षी खुस्रोने बंड केले. जे सलीमने अकबराशी केले तेच आता त्याच्या वाट्याला आले. अकबराने बंडखोर मुलाला माफ केले होते. जहांगीरने मुलाला हत्तीवर बसवून लाहोरच्या रस्त्यावरून फिरवले. दोन्ही बाजूंना त्याचे साथीदार सुळावर तडफडत होते. पुढे खुस्रोची दृष्टी घालवण्यात आली. १६२२ मध्ये बुऱ्हाणपुरात, भाऊ खुर्रमच्या कैदेत असताना, तो मेला.

अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या, खुस्रो बागेत आई आणि मुलगा दोघांच्याही कबरी आहेत. भिंतीत चिणलेल्या अनारकलीसाठी आपण तीन पिढ्या रडलो. तिच्या सलीमला आपण बंडखोर आशिक म्हणून डोक्यावर घेतले आणि अबुल फजलचा खूनही विसरून गेलो. शाह बेगमवर मात्र कुणी नाटक रचले नाही. नायकाच्या मनातले द्वंद्व आपल्याला मोठे वाटते, कारण त्याला निवड करता येते. बापाशी लढायचे की नमते घ्यायचे, हे सलीम ठरवू शकत होता. खुस्रोही ठरवू शकत होता. शाह बेगमने कोणतीही बाजू घेतली असती तरी आपलेच माणूस तिला गमवावे लागले असते.

दास्तान ऐकावी, तिच्यात रमावेही. पण पडदा पडल्यावर एकदा तवारीख उघडून पाहावी. नायक मनाशी झुंजत असतो, तेव्हा त्याची किंमत महालात कोण मोजत होते, हे तिथे सापडते.