दारूबंदीचा कायदा आणि सरकारची अडचण

१९४८ साली जत संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पुढच्याच वर्षी मुंबईचा दारूबंदी कायदा झाला. पुढे परवाने निघाले, बंधनं सैल झाली. कायदा मात्र आजही कायम आहे. असं का व्हावं? तो रद्द करावा, तर सरकारनंच दारूला मुभा दिली असं मायबहिणी म्हणणार. कडक पाळावा, तर अबकारीचं उत्पन्न बुडणार आणि हातभट्ट्या पेटणार. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली पुरी बंदी आली, २०२१ साली उठली. म्हणून सरकार कायद्याला हात लावत नाही, नियम तेवढे बदलतं. पण परवान्याशिवाय पिणं आजही गुन्हाच आहे. आणि त्यापायी पोलीस कुणाच्या दारात येतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.