पेटीची परीक्षा केव्हा द्यावी?



उमरेडच्या आमच्या बचत गटात मागे एक प्रश्न आला. एका मैत्रिणीची मुलगी वर्षभर पेटी शिकत होती. सायंकाळी दिवाबत्ती झाली की आपणहून वाजवायला बसायची. घरच्यांनी ठरवले, यंदा परीक्षेला बसवायचे, पुढे दहावीला गुण वाढतात. त्या दिवसापासून पोरीने पेटी उघडणेच सोडले. आई गटाकडे फीसाठी पैसे मागायला आली होती. पैसे देण्याआधी या परीक्षा कशासाठी निघाल्या, ते आम्ही समजून घेतले.

पूर्वी गाणे शिकायचे तर गुरूच्या घरी राहावे लागे. घरकाम करायचे, गुरूची मर्जी झाली की तालीम मिळायची. शिकणारा कुठवर आला, हे फक्त गुरूच जाणे. साध्या घरातल्या मुलाला हे अवघड होते. मुलीला तर दारच बंद, कारण गाणे घरंदाज मानले जात नसे.

विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. शाळेचे शिक्षण अवघड झाले म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. पुढे ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढले. तिथे शाळेसारखे वर्ग होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, पुस्तके होती. १९०८ मध्ये मुंबईत शाखा निघाली. १९३१ साली पलुस्कर वारले. त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या त्याच मंडळाच्या पायऱ्या. आज गावोगावची मुले त्या चढतात.

तिकडे इंग्लंडातही असेच झाले. पियानोच्या परीक्षा घेणारे लंडनचे असोसिएटेड बोर्ड १८८९ साली निघाले. त्याच्या आठ श्रेणी आहेत. कोणत्या वयात कोणती द्यायची, असे बंधन नाही. मूल तयार झाले की बसते.

म्हणजे परीक्षा ही मोजपट्टी होती. कोणाच्या घरचा, कोणत्या गुरूचा, हे न पाहता शिकणाऱ्याला आपली पायरी कळावी, एवढे तिचे काम. पण कापड विणून व्हायच्या आधीच मोजायला घेतले तर काय मोजणार?

कुमार गंधर्वांचेच पाहा. दहा-अकरा वर्षांच्या वयात त्यांनी मोठमोठ्या मैफली गाजवल्या होत्या. तरी १९३६ साली त्यांना मुंबईला पलुस्करांचे शिष्य बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला ठेवले. टाळ्या मिळाल्या म्हणून शिकणे संपले, असे कोणी मानले नाही. कुमारांसारखी मुले विरळा, हे खरे. पण त्यांनाही वेळ लागला, मग आपल्या लेकरांना का नाही?

आमच्या गटात दोन मते पडली. एकीचे म्हणणे, "कागद हाती असला तर पोरगी उद्या चार मुलांना शिकवून दोन पैसे मिळवेल." हे खोटे नाही. बाईच्या जातीला कागदाचा आधार लागतो, हे आपण जाणतोच. दुसरी म्हणाली, "पेटीच बंद झाली तर कागदाला काय जाळायचे?"

शेवटी आम्ही ठरवले ते असे. त्या परीक्षेत जे वाजवायचे, ते मुलगी आधीच न अडखळता वाजवते का? घरी चार माणसांसमोर वाजवायला लाजत नाही ना? परीक्षेचे वाजवून झाल्यावर मनाचेही काही वाजवते का? आणि तिला स्वतःला बसायचे आहे का? चारही उत्तरे हो आली की फी भरायची. एक जरी नाही आले, तर थांबायचे. मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, सहा महिन्यांनी पुन्हा संधी असतेच. दहावीच्या गुणांचा आजचा नियम शाळेत विचारून घ्यावा. पण त्यासाठी पहिल्याच वर्षी घाई नको.

फीचे पैसे आम्ही गटात राखून ठेवले. त्या मैत्रिणीने घरी परीक्षेचा विषय बंद केला. काही आठवड्यांनी पोरीने पेटी पुन्हा उघडली. परवा भजनाला तिने साथ केली. दोनदा चुकली, हसली आणि पुढे वाजवत राहिली. परीक्षेचे अजून तिने विचारले नाही. विचारेल तेव्हा पैसे तयार आहेत.