रंगाचा वारसा

पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन देशात ऊइदा नावाचे जुने गाव आहे. एकेकाळी गुलामांच्या व्यापारासाठी कुप्रसिद्ध असलेले. तिथे अजगरांचे एक देऊळ आहे आणि त्याच्या समोरच कॅथलिक चर्च. देवळातले अजगर भटकत कुणाच्या घरात शिरले तर लोक त्यांना मारत नाहीत, सन्मानाने परत आणून सोडतात. चार-पाच फूट लांबीचा, अंगावर काळी-तपकिरी नक्षी असलेला हा बिनविषारी प्राणी घाबरला की डोके आत घेऊन चेंडूसारखे वेटोळे करतो. म्हणून त्याचे इंग्रजी नाव बॉल पायथॉन.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घाना, टोगो, बेनिन इथून हे अजगर हजारोंनी अमेरिकेत आणि युरोपात पाळण्यासाठी गेले. त्यांत क्वचित एखादा वेगळ्या रंगाचा निघे. हा रंग पिलांत उतरेल का, असा प्रश्न पाळणाऱ्यांना पडला. त्याचे उत्तर खरे तर १८६५ मध्येच ब्रनो शहरातल्या ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्याच्या रोपांवरून दिले होते. जगाला ते पटले १९०० साली, त्याच्या मृत्यूनंतर.

१९९२ मध्ये अमेरिकेत बॉब क्लार्क यांनी पिवळ्या-पांढऱ्या अजगराचा रंग पिलांत उतरतो हे दाखवले. या रंगात काळे द्रव्य तयारच होत नाही, पिवळे मात्र शिल्लक राहते. असा अजगर आणि साधी मादी यांची सगळी पिले साधीच दिसतात. रंग हरवला असे वाटते. पण तो प्रत्येक पिलात दडलेला असतो. अशा दोन पिलांची पुढे जोडी जमली, तर प्रत्येक अंड्यामागे चारात एक शक्यता पिवळ्या पिलाची. शक्यताच, मादी एका वेळी पाच-सहा अंडी घालते, आणि सगळी पिले साधी निघाली तरी नियम मोडत नाही. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. आजोबांची लकब मधली पिढी गाळून नातवात दिसावी, तसे हे मला वाटले.

काही रंग मात्र लपत नाहीत. ‘पास्टेल’ रंग एकाच पालकाकडून आला तरी दिसतो आणि दोघांकडून आला तर अधिक उजळतो. १९९९ मध्ये केविन मॅकर्ली यांनी सिद्ध केलेली ‘स्पायडर’ नक्षीही अशीच उघड. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक काळ्या रेषांची. ती एका पालकाकडून साधारण निम्म्या पिलांत उतरते. तिला मागणीही मोठी आली.

पण त्या नक्षीबरोबर आणखी काही उतरले. या अजगरांचे डोके डुलते, तोल जातो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. चांगल्या जोड्या निवडल्या की दोष जाईल, अशी पाळणाऱ्यांना आशा होती. पिढ्या गेल्या, दोष नक्षीला सोडेना. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की या अजगरांच्या आतल्या कानाची, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, घडणच बिघडलेली असते. त्याआधी, २०१८ मध्ये, ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने आपल्या मेळ्यांत त्यांची विक्री बंद केली होती. इतरत्र ती चालूच राहिली.

हे वेड आपल्यापासूनही दूर नाही. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात, बिस्किटांच्या पुड्यांत लपवलेले नऊ बॉल पायथॉन सापडले.

वेगळेपणाचा मोह मलाही कळतो. शंभर जणांनी वापरलेला शब्द टाळून कवी न वापरलेला शब्द शोधत असतोच. पण त्या शोधाची किंमत तो स्वतः मोजतो. इथे हौस एकाची आणि डोके डुलते दुसऱ्याचेच, तेही तक्रार न करू शकणाऱ्या मुक्या जिवाचे. ऊइदातला माणूस अजगर उचलून देवळात परत नेतो, तेव्हा त्याची नक्षी साधी आहे की दुर्मीळ, हे तो पाहत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)