सोंग, संबोधन आणि पात्रकल्पना

आपले नाव-गाव बाजूस ठेवून दुसऱ्याच माणसाच्या वाणीने बोलावयाचे झाल्यास प्रथम काय निश्चित करावे लागते, हा प्रश्न केवळ नाट्यशास्त्राचा नव्हे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अद्भुतरम्य बैठ्या खेळात खेळाडूपुढे तोच प्रश्न उभा राहतो. तेथे तीन-तीन फासे टाकून बल, बुद्धी, चापल्य इत्यादी ६ गुणांचे अंक ठरत. योद्धा, मांत्रिक अथवा धर्मोपासक असा एक वर्ग पत्करला जाई. आणि त्या सांगाड्यात मग स्वभाव भरला जाई. मराठवाड्यात या प्रश्नाचे उत्तर चार शतकांपूर्वी निराळ्या क्रमाने दिले गेले होते.

पैठणच्या एकनाथांच्या (१५३३–१५९९) नावावर सुमारे ३०० भारुडे आहेत. त्यांत वासुदेव, जोशी, गोंधळी, महार, आंधळा, बहिरा अशी नाना सोंगे बोलतात. येथे पात्राचा आरंभ गुणांपासून होत नाही. तो संबोधनापासून होतो. महार ‘जोहार’ म्हणतो, जोशी भविष्य सांगू लागतो, आणि त्या एका शब्दासरशी बोलणारा कोण, ऐकणारा कोण व दोघांतील अंतर किती, हे सर्व ठरून जाते. त्यानंतर रूपकाचा दुसरा थर चढतो. जोश्याचे भविष्य हा जीवाला दिलेला इशारा ठरतो. महाराने सांगितलेला गावचा कारभार हा देहरूपी गावाचा कारभार होतो.

मात्र या पद्धतीतच एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. ब्राह्मण कवीने महाराच्या मुखाने बोलावे, याचा अर्थ काय? एका मते ही समतेची खूण होय. ज्याचा शब्द गावात कोणी मोजीत नसे, तोच येथे श्रोत्यांना ज्ञान सांगतो. परंतु कीर्तन संपताच सोंग उतरविता येते. जन्माने लादलेली भूमिका तशी उतरविता येत नाही. ‘जोहार’ हे अभिवादनच पायरी दाखविणारे होते, आणि आंबेडकरी चळवळीत त्याची जागा ‘जय भीम’ने घेतली, हे येथे विसरता कामा नये. म्हणून ही भारुडे एकनाथांच्या सूक्ष्म श्रवणाचा पुरावा मानावीत. महारांची साक्ष मानू नयेत. ती साक्ष चोखामेळ्याच्या अभंगांत शोधावी लागते.

सोंगाला ओळखणारा समाजही लागतो. वेस, चावडी आणि वाडा यांनी बांधलेले जुने गाव या रचनांनी गृहीत धरले आहे. औसा तालुक्यातील किल्लारीचे असे जुने गावठाण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात उद्ध्वस्त झाले व गाव नव्या जागी आखीव ओळींत वसविले गेले. तेथे वाढलेल्या विद्यार्थ्याला वेशीवरच्या माणसाचे बोलणे आता समजावून द्यावे लागेल. तेव्हा भारुडाच्या अभ्यासकाने केवळ शब्दार्थ देऊन थांबू नये. कोण बोलतो, कोणाशी बोलतो आणि कोठे उभा राहून बोलतो, या तिन्हींची मांडणी त्याने प्रथम करावी. कारण पात्र जन्मास येते ते याच तिहींच्या मेळातून.