लक्ष्मीचं चित्र कोणाचं?

मुळशीतल्या माले गावात मी लग्नपत्रिका आणि जत्रेचे फ्लेक्स बनवतो. पत्रिकेवर लक्ष्मी टाका म्हटलं की गिऱ्हाइकाच्या मनातली लक्ष्मी ठरलेली असते. कमळावर उभी, लाल साडीतली, शेजारी हत्ती. कुणाचं चित्र म्हणून विचारलं तर म्हणतात, "देवाचं, दुसऱ्या कोणाचं?"

ते राजा रविवर्म्यांचं. आणि ते घरोघरी पोचवणारा त्यांचा छापखाना आमच्या डोंगरापलीकडे, मावळात मळवलीला होता.

1894 मध्ये तो मुंबईत सुरू झाला. पुढे प्लेगने मुंबई हैराण झाली आणि छापखाना कार्ले-भाजे लेण्यांच्या शेजारी आला. शिळाछापाचं काम म्हणजे प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एकच कागद दगडामागून दगडावर चढवायचा, आणि तो केसभर जरी सरकला तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर. मी चार रंगांच्या छपाईत वाढलो, तरी ही कसरत मला जमली नसती. धंदा मात्र तोट्यात गेला. विसावं शतक उजाडताच फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने छापखाना घेतला, चित्रं छापण्याच्या हक्कासकट. म्हणजे हक्क ही विकायची वस्तू आहे, हे तेव्हाही ठाऊक होतं. 1972 च्या आगीत छापखाना संपला.

रविवर्मा 1906 मध्ये गेले. जुन्या कायद्याने चित्रकाराच्या मृत्यूनंतर 50 वर्षं हक्क राहायचा, म्हणजे 1957 चा नवा कायदा येण्याआधीच त्यांची चित्रं सगळ्यांची झाली. 1992 मध्ये मुदत 60 वर्षांची झाली, पण मोकळं झालेलं चित्र पुन्हा बांधलं जात नाही.

इथेच मी एकदा फसलो. जुन्या कॅलेंडरवरचा देव जुना म्हणजे फुकट समजून फ्लेक्सवर चढवला. हक्कदारांचा फोन आला, फ्लेक्स उतरवला, पैसेही भरले. चित्राचं वय बघायचं नसतं, चित्रकार कधी गेला ते बघायचं असतं.

धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली तेव्हा एका फलकाचं काम आलं. सत्याग्रह सुरू झाला 16 एप्रिल 1921 ला, आणि फोटो हवा होता त्याचे नेते सेनापती बापट यांचा. मंडळी म्हणाली, सेनापती 1967 मध्ये गेले, त्यावरून मुदत मोज. पण फोटोचा हक्क सहसा फोटोतल्या माणसाचा नसतो, काढणाऱ्याचा असतो. त्याच्या नावाचा पत्ता लागेना. शेवटी फोटो सोडला आणि सेनापती मीच रेखाटले. नाक जरा मोठं झालं, कोणी तक्रार केली नाही.

आता हाच हिशेब इतर चित्रकारांना लावू. धुरंधर 1944 मध्ये गेले. त्यांची चित्रं 1 जानेवारी 2005 पासून मोकळी आहेत, बेधडक वापरा. कोणी त्यांवर नवे रंग चढवून आपलं चित्र केलं असेल, तर ते उचलू नका, मूळ चित्र शोधा. दीनानाथ दलालांसाठी 1 जानेवारी 2032 पर्यंत थांबा, आणि आपल्या लाडक्या मुळगावकरांसाठी 1 जानेवारी 2037 पर्यंत. तोवर हवंच असेल, तर वारसांना विचारा.