यकृत-ऊतींचा रासायनिक नाश

यकृत-ऊतींचा रासायनिक नाश ही यकृतातील ठरावीक भागात सुईने द्रव सोडून तेथील पेशी मारण्याची उपचारपद्धती होय. ती मुख्यतः यकृतातील लहान अर्बुदांवर वापरली जाते. या कामासाठी कोणते द्रव्य अधिक प्रभावी व सुरक्षित आहे, याची तुलना उंदीर, ससे व डुकरे यांच्यावरील प्रयोगांतून केली गेली आहे.

पार्श्वभूमी

यकृताच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना सिऱ्होसिसही असतो. या विकारात यकृत कठीण व तंतुमय होते. अशा यकृताचा मोठा भाग कापून काढल्यास उरलेल्या भागाला शरीराची गरज भागवणे कठीण जाते. म्हणून १९८० च्या दशकाच्या प्रारंभी जपानमध्ये सोनोग्राफीच्या साहाय्याने अर्बुदात निर्जल अल्कोहोल टोचण्यास सुरुवात झाली. १९९० च्या दशकात अ‍ॅसिटिक आम्ल व अतिशय गरम सलाइन हे पर्याय पुढे आले.

प्रयोगाची रीत

प्राण्याला भूल देऊन यकृतात द्रव्याची मोजकी मात्रा सोडली जाते. तुलना ग्राह्य ठरण्यासाठी मात्रा, सुईची जाडी व द्रव सोडण्याचा वेग समान ठेवावा लागतो. तुलनेसाठी एका गटाला साधे सलाइन देतात. ठरलेल्या काळानंतर मृत भागाचे आकारमान मोजून त्याचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासले जातात. सशांमध्ये ‘व्हीएक्स-२’ हे रुजवता येणारे अर्बुदही वापरतात.

द्रव्यांची तुलना

* अल्कोहोल : पेशींतील पाणी ओढून घेते, प्रथिने साकळवते व सूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या निर्माण करते. मात्र तंतुमय पडद्यांपाशी त्याचा प्रसार अडतो.
* अ‍ॅसिटिक आम्ल : मेद विरघळवते व पडद्यांतील कोलॅजेनवरही परिणाम करते. त्यामुळे ते अधिक दूर पसरते आणि कमी मात्रा पुरते. मात्रा वाढल्यास रक्ताची आम्लता वाढण्याचा व मूत्रपिंडांना इजा होण्याचा धोका असतो.
* गरम सलाइन : केवळ उष्णतेने पेशी मारते. निवल्यावर ते निरुपद्रवी ठरते. परंतु उष्णता लवकर ओसरत असल्याने मात्रा अधिक लागते.

मर्यादा

केवळ मृत भागाचा आकार मोठा असणे पुरेसे नसते. द्रव रक्तवाहिनीत किंवा पित्तनलिकेत शिरल्यास निरोगी भागालाही इजा पोहोचते. म्हणून नाश किती एकसंध व मर्यादित आहे हेही पाहिले जाते. शिवाय सिऱ्होसिसग्रस्त रुग्णात मऊ अर्बुदाभोवती कठीण यकृत असते आणि द्रव बराचसा अर्बुदातच राहतो. निरोगी प्राण्याच्या यकृतात असा अडसर नसतो. त्यामुळे अशा प्रयोगातून ठरलेली मात्रा रुग्णाला जशीच्या तशी लागू होत नाही.

प्राण्यांच्या वापराचे समर्थनही याच प्रश्नाशी निगडित आहे. विल्यम रसेल व रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या कमी करणे व वेदना घटवणे ही तीन तत्त्वे मांडली. ज्या प्रयोगाचे उत्तर रुग्णाच्या उपयोगी पडणार नाही, त्यासाठी प्राण्याला इजा करणे या तत्त्वांशी विसंगत ठरते.